झालरीचे चार ड्रेस आणि १९२४ सालचं लंडन

फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांनी मला विचारलेला प्रश्न बराच लांब होता म्हणून तो आधी थोडक्यात सांगते. फिल्म स्कूलचा प्रोजेक्ट आहे, फ्लॅपर जमान्यातली, म्हणजे १९२० च्या दशकातली टीव्ही अँथॉलॉजी, पंचवीस मिनिटांचे तीन भाग, तिन्ही लंडनमध्ये घडतात, १९२४, १९२६ आणि १९२८. दर भागात गोष्ट नवी आणि कलाकारही नवे. बजेट जवळपास शून्य, त्यात ऑनलाइन झालरीचे चार काळे ड्रेस, खोट्या मोत्यांच्या माळा, पिसं खोवलेल्या कपाळपट्ट्या आणि लांब सिगरेट होल्डर घेऊन झालेत, आणि ट्रायल शूट बघितल्यावर "सगळं फॅन्सी ड्रेस कॉम्पिटिशनसारखं दिसतंय, नक्की काय चुकतंय?"

मी गेली बावीस वर्षं कॉस्च्युममध्ये आहे, सुरुवात मुंबईत सिरियलींपासून, नंतर इकडे इंग्लंडमध्ये बहुतेक पीरियड ड्रामाच केला, त्यातही आधी पाच-सहा वर्षं नुसती इस्त्री, उसवणं-शिवणं आणि एक्स्ट्रांना कपडे चढवणं. त्यामुळे उत्तर डिझायनरचं कमी आणि सुई हातात असणाऱ्या बाईचं जास्त असेल.

चुकतंय एवढंच की तुम्ही "वीसचं दशक" नावाचा कपडा विकत घेतलाय, आणि असा कपडा कधी नव्हताच. १९२४ चा कपडा होता, १९२८ चा होता, टायपिस्टचा होता, तिच्या मालकाच्या बायकोचा होता, त्या बायकोच्या सासूचा होता. अँथॉलॉजीत तर हे जास्तच नडतं. लांब मालिकेत प्रेक्षक माणसाला हळूहळू ओळखतो, तिसऱ्या भागात कळतं की हिच्याकडे पैसे नाहीत, पाचव्यात कळतं की ही विधवा आहे. अँथॉलॉजीत तुमच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत आणि त्यातली पहिली तीन संपायच्या आत ही बाई आठवड्याला किती कमावते, कुणाच्या जिवावर राहते आणि तिचा कोट कितव्या वर्षातला आहे हे बघणाऱ्याच्या डोक्यात न बोलता शिरायला हवं. ते काम कपडे करतात. चौघींना सारखे झालरीचे ड्रेस घातले की चौघींचा पगार एक झाला आणि गोष्टच मेली.

आता फ्लॅपर म्हणजे कोण हे आधी बघू, कारण इथेच गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून होता, केस अजून वर बांधायला न लागलेल्या, पाठीवर वेणी किंवा मोकळे केस टाकणाऱ्या पंधरा-सोळाच्या मुलींना म्हणायचे. मोटरसायकलवर मागे बसायच्या सीटला "फ्लॅपर ब्रॅकेट" म्हणायचे. नंतर तो वय वाढवत वाढवत गेला. तुमचा तिसरा भाग १९२८ चा आहे, त्या वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं (१९१८ ला मिळालं होतं ते तिशीच्या वरच्यांना, तेही मालमत्तेच्या अटीवर), आणि विरोध करणारी वर्तमानपत्रं त्याला "फ्लॅपर व्होट" म्हणून हिणवत होती. म्हणजे ज्यांना फ्लॅपर म्हणत होते त्यात मिलमधल्या, दुकानातल्या, ऑफिसातल्या, घरकाम करणाऱ्या सगळ्या आल्या. पार्टीत टेबलावर नाचणारी त्यात असेल एखादी, पण बाकीच्या सकाळी ट्राम पकडत होत्या. पगार स्वतःच्या हातात असलेली पोरगी, ही माझ्या डोक्यातली फ्लॅपर. आणि हे काही लंडनपुरतं नाही, आपल्याकडे १९२६ ला मूकपटात "टायपिस्ट गर्ल" आला, त्यातली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स ही सिनेमात यायच्या आधी टेलिफोन ऑपरेटर होती. तिचे त्या काळातले आखूड केसांचे फोटो बघा, कपाळावर पीस नाहीये कुठेही.

तुम्ही प्रेरणा म्हणून "द अगाथा ख्रिस्ती अवर" लिहिलंय, ते उत्तम आहे, त्यावरच बोलते. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनची १९८२ ची अँथॉलॉजी, दहा भाग. पार्कर पाइन हे ख्रिस्तीबाईंचं पात्र दोन भागांत येतं (भूमिका मॉरिस डेनहॅमची), बाकी दर वेळी नवी माणसं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी ख्रिस्तीबाईंनी मासिकांसाठी १९२४ च्या आसपास लिहिल्या होत्या, "द रेड सिग्नल", "द मिस्टरी ऑफ द ब्लू जार", "जेन इन सर्च ऑफ अ जॉब", "द गर्ल इन द ट्रेन", "द मॅनहूड ऑफ एडवर्ड रॉबिन्सन" ही सगळी १९२४ ची. म्हणजे त्यांच्यासाठी ती पीरियड स्टोरी नव्हती, ती आजची गोष्ट होती, त्यातल्या कुणालाच माहीत नाही की आपण "वीसच्या दशकात" आहोत. ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा.

आणि त्या गोष्टी कशावर चालतात बघा. पैशावर. जेनला नोकरी नाही, ती जाहिरात बघून जाते आणि एका ग्रँड डचेसची तोतया व्हायचं काम मिळतं, म्हणजे अख्खा कट दोन बायकांच्या दिसण्यावर आणि कपड्यांवर उभा आहे. एडवर्ड रॉबिन्सन हा साधा कारकून, त्याची होणारी बायको पै-पै जपणारी, त्याला स्पर्धेत पाचशे पौंड मिळतात आणि तो तिला न सांगता मोटार घेतो. गंमत म्हणजे त्याच सुमाराला ख्रिस्तीबाईंना स्वतःला एका संध्याकाळच्या वर्तमानपत्राकडून कादंबरीच्या हक्कांचे पाचशे पौंड मिळाले आणि त्यांनीही मोटारच घेतली, मॉरिस काउली! तर अशा माणसाचा कोट काय असेल? बरा असेल, ब्रश केलेला, बाहीच्या कडेला जरा चकाकणारा, कारण रोज त्याच कडेवर हात घासून लिहितो. कॉलर वेगळी निघणारी आणि कडक स्टार्च केलेली, कारण शर्ट रोज धुणं परवडत नाही, कॉलर परवडते. ही कॉलर एवढी स्वस्त गोष्ट आहे आणि एवढं सांगून जाते, तरी विद्यार्थी फिल्ममध्ये मी ती एकदाही धड बघितलेली नाही, नेहमी आजचा शर्ट आणि वर बो टाय.

आता तीन सालांचा फरक. गुडघ्याकडे बघा. लोकांना वाटतं १९२० उजाडलं आणि सगळ्यांचे स्कर्ट गुडघ्यावर गेले. नाही. दशकाच्या सुरुवातीला थोडे वर गेले, १९२२-२३ ला परत जवळजवळ घोट्यापर्यंत खाली आले, १९२४ ला पोटरीच्या मध्याच्या खाली कुठेतरी, आणि मग १९२५ पासून झपाट्यानं वर चढून १९२६-२७ ला गुडघ्याच्या जरा खाली किंवा गुडघ्यालाच टेकले. म्हणजे तुमच्या पहिल्या भागात एकीचाही गुडघा दिसला तर ती १९२४ मध्ये नाहीये. १९२८ ला संध्याकाळच्या ड्रेसचा घेर वाकडातिकडा होतो, पुढून गुडघ्याला आणि मागून किंवा बाजूला लोंबणारी टोकं, कारण फॅशन परत लांबीकडे निघाली होती पण एकदम जायचं धाडस नव्हतं. कंबर तिन्ही वर्षं नितंबावर. सरळ खाली पडणारी नळी, बस.

त्या नळीत शरीर कसं बसवायचं हा खरा प्रश्न आहे. आजची ब्रा आत असेल तर वर ओरिजिनल १९२६ चा म्युझियममधला ड्रेस चढवलात तरी तो २०२० चा दिसतो, कारण छाती चार बोटं वर आणि पुढे येते, ड्रेस तिच्यावरून घसरून पोटाशी हवेत लोंबतो. त्या काळात उलटं होतं, सपाट करायचं. मार्केट हार्बरोच्या सिमिंग्टन कंपनीचं "साइड लेसर" म्हणून एक चोळीसारखं वस्त्र होतं, दोन्ही बाजूंना नाडी आवळून छाती सपाट करणारं, त्याचे फोटो शोधलेत तर मिळतील. तुम्ही तसलं काही शिवू नका, जुनी ढिली झालेली मऊ ब्रालेट किंवा स्पोर्ट्‌स ब्रा, वर कॉटनची सरळ स्लिप, झालं. (घट्ट पट्ट्या बांधून मुलींना बारा तास शूटला उभं करू नका प्लीज, एकदा एका सेटवर मुलगी चक्कर येऊन पडलेली बघितलीये मी.) आणि उभं राहणं शिकवा. कंबर किंचित पुढे, खांदे मागे न ताणता सैल गोल, वजन एका पायावर. आजच्या मुली जिमवाल्या, पाठ ताठ छाती पुढे, त्या ड्रेसमध्ये परेडला आल्यासारख्या दिसतात. अर्धा तास आरशासमोर सराव करून घ्या, फुकट आहे आणि कुठल्याही माळेपेक्षा जास्त उपयोगी.

चेन. ड्रेसला चेन नको म्हणजे नको. मी स्वतः यात मार खाल्लाय म्हणून सांगते. नवीन होते, फिटिंगला ड्रेस मागून उसवला, वेळ नव्हता, मी पटकन मागे चेन लावून दिली, म्हटलं कॅमेरा समोर आहे, मागे कोण बघतंय. टेकमध्ये नटी बोलता बोलता वळून खिडकीशी गेली आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत ती चेन लख्ख चमकली. सीन १९२६ चा. आमची मुख्य कटर, म्हणजे कपडे बेतून कापणारी, साठीची बाई, ती काही बोलली नाही, संध्याकाळी मला तो ड्रेस, एक ब्लेड आणि टिचबटणांचं एक कार्ड दिलं. कपड्यांना चेन रुळली ती तिशीच्या दशकात. त्याआधी डाव्या बाजूला काखेखाली टिचबटणं किंवा हूक-आय, आणि बहुतेक दिवसाच्या ड्रेसला तेही नाही, डोक्यातून घालायचा नि खाली सोडायचा.

आणि इथेच तुमच्या बजेटचं उत्तर आहे. ही फॅशन शिवायला इतकी सोपी होती की बायका घरी शिवायच्या. अमेरिकेत १९२४ ला तासाभरात ड्रेस कसा शिवायचा याची पुस्तिकाच निघाली होती, आणि ती थाप नाहीये, मी शिवून बघितलाय, मला दीड तास लागला कारण मध्ये चहा झाला. कापड दुहेरी घडी, खांद्यावर घडी येते, मध्ये गळा कापायचा, बाह्या वेगळ्या नाहीतच, कमरेच्या खाली बाजूला थोडा जास्तीचा भाग ठेवून चुण्या घ्यायच्या, दोन बाजूंच्या टिपा, संपलं. पातळ लोकर, क्रेप, चांगल्या पडीचं कॉटन काहीही चालेल. चकाकणारं पॉलिस्टर सॅटिन तेवढं नको, ते कॅमेऱ्यात गिफ्ट पॅकिंगसारखं दिसतं. चौदा-पंधरा ड्रेस एका वीकेंडला होतील दोन मशिनींवर.

रंग सांगते, हे कुणी सांगत नाही. सगळे विद्यार्थी काळा, सोनेरी आणि बेज, कारण रेफरन्स म्हणून जुने कृष्णधवल फोटो बघतात. त्या काळच्या साध्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता, लाल काळा यायचा आणि निळा पांढरट. म्हणजे फोटोत जो काळा ड्रेस दिसतोय तो भडक तांबडा असू शकतो, आणि पांढरा वाटतोय तो आकाशी. प्रत्यक्षात हिरवाकच्च जेड, नारिंगी, पोपटी, जांभळा, शेंदरी, असले रंग होते, रासायनिक डाय स्वस्त झालेले, आणि १९२२ च्या नोव्हेंबरात तुतनखामेनची कबर सापडल्यावर तर इजिप्तच्या नावानं काहीही खपत होतं. काळा रंग होताच, पण १९२४ च्या लंडनमध्ये काळ्याला आधी दुसरा अर्थ होता. युद्ध संपून सहा वर्षं झालेली, ब्रिटनची सात लाखांच्या वर माणसं मेलेली, १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सतरा लाखांनी जास्त. शनेलचा तो प्रसिद्ध साधा काळा ड्रेस व्होगमध्ये आला १९२६ च्या ऑक्टोबरात. त्याआधीच्या भागात काळा घातलात तर बघणारा विचारणार, हिचं कोण गेलं? आणि गोष्टीत कुणी गेलं असेल तर मग घाला, तेव्हा तो काळा काम करेल.

म्हातारी माणसं विसरू नका. १९२४ मध्ये साठ वर्षांची बाई म्हणजे १८६४ चा जन्म, ती काय गुडघ्यापर्यंत येणार आहे? ती अजून १९१२ च्या कॉर्सेटमध्ये, लांब स्कर्ट, गळ्याशी ब्रूच, केस वर बांधलेले. गर्दीच्या सीनमध्ये माझा हिशोब असा की खोलीत दहा माणसं असतील तर त्या वर्षाची फॅशन दोघांच्या अंगावर, पाच-सहा जण दोन ते पाच वर्षं मागे, बाकीचे युद्धाच्या आधीचे. एखादा युद्धात हात गमावलेला पुरुष, बाही पिनेनं दुमडलेली, रिकामी. अशा एका रिकाम्या बाहीनं चार झालरींपेक्षा जास्त साल उभं राहतं.

१९२६ म्हणजे तुमची जनरल स्ट्राइकची, म्हणजे ब्रिटनमधल्या कामगारांच्या सार्वत्रिक संपाची गोष्ट आहे असं लिहिलंय, ३ मेच्या मध्यरात्रीपासून १२ मेपर्यंत. छान निवडलंय, कारण त्या नऊ दिवसांत मोठ्या घरातल्या मुली हाइड पार्कात कँटीन चालवत होत्या, कॉलेजची पोरं हौसेनं बस चालवत होती. म्हणजे एका फ्रेममध्ये भारी ट्वीडचा सूट घालून चहा ओतणारी आणि तिच्यासमोर संपावर गेलेल्याची बायको, शाल आणि सात वर्षांपूर्वीची हॅट. दोघींनाही सारखीच क्लोश टोपी चालेल, फक्त एकीची डोक्यावर घालून मापानं साच्यावर घडवलेली आणि दुसरीची घरी जुन्या हॅटची कड कापून केलेली. क्लोश घंटीसारखी, भुवयांपर्यंत खाली. तिचा एक त्रास आधीच सांगते, वरून लाइट पडला की डोळे काळोखात जातात आणि कॅमेरामन वैतागून टोपी मागे सरकवायला सांगतो. सरकवू देऊ नका. हनुवटी वर करायला सांगा, टोपीच्या कडेखालून बघायला. त्या फोटोंमधल्या बायका जरा उद्धट, नाक वर करून बघतात असं वाटतं ना, त्याचं अर्धं कारण ती टोपी आहे. लाइट थोडा खाली आणा, कडेच्या आतून फिकट अस्तर लावा, भागतं.

केसांबद्दल थोडं, कारण यात गोष्टच अडकू शकते. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डची "बर्निस बॉब्ज हर हेअर" ही १९२० ची कथा, ती अमेरिकेत "द अमेरिकन शॉर्ट स्टोरी" या टीव्ही अँथॉलॉजीत आली होती, शेली डुव्हाल बर्निस झाली होती, मिळवून बघाच. कथाच केस कापण्याची आहे, नात्यातल्या बहिणीच्या आव्हानामुळे पोरगी न्हाव्याच्या दुकानात जाऊन केस कापून घेते आणि मग त्याचा बदला घेते. १९२० ला हे एवढं मोठं होतं की त्यावर कथा उभी राहिली. १९२४ ला लंडनमध्ये टायपिस्टनं बॉब केला, म्हणजे केस आखूड कापले, तर आई रडेल, ऑफिसात कुजबुज होईल. १९२६ ला मानेजवळ बारीक कापलेला शिंगल सर्रास, आणि धाडसीच असेल तर ईटन क्रॉप, म्हणजे अगदी शाळेतल्या मुलासारखा. १९२८ ला कुणाला काहीच वाटत नाही, उलट लांब केस ठेवणारीला का ठेवलेस विचारतात. म्हणजे एकच हेअरकट तीन भागांत तीन वेगळे अर्थ सांगतो, आणि तुमच्याकडे पैसे नसताना हा अर्थ फुकट मिळतोय. लांब केसांच्या मुलींना कापायला लावू नका, मानेवर सपाट अंबाडा घालून पुढचे केस कानावरून वळवून पिना मारल्या की क्लोशखाली बॉब वाटतो. त्या काळीही न कापणाऱ्या बायका हेच करायच्या.

मण्यांच्या ड्रेसबद्दल तुम्ही विचारलंय की एखादा ओरिजिनल भाड्यानं घ्यावा का. घेऊ नका. बारीक रेशमी जॉर्जेटवर काचेचे मणी, ड्रेस दोन-तीन किलोचा, शंभर वर्षांचं रेशीम, त्यात काही रेशमाला तेव्हा वजन यावं म्हणून धातूच्या क्षारात बुडवलेलं, ते आता घडीवर आपोआप फाटतं. हँगरला टांगला तर स्वतःच्या वजनानं खांद्यातून चिरतो, आडवाच ठेवावा लागतो. काही टिकल्या जिलेटिनच्या असायच्या, घाम आणि लाइटच्या उष्णतेनं चिकट होऊन एकमेकींना धरतात. आणि मणी साखळी टाक्यानं लावलेले, उलट्या बाजूनं आकडीनं. एक दोरा तुटला की अख्खी ओळ सर्रकन निघते. एका शूटला (कुठलं ते सोडा) नाचताना नटाच्या कफलिंकमध्ये एक टाका अडकला आणि दहा सेकंदांत लाकडी जमिनीवर मणीच मणी, आम्ही सहा जणी रात्री एक वाजेपर्यंत गुडघ्यावर बसून वेचत होतो.

त्यात एक गंमत आहे, तो आकडीचा टाका युरोपात गेला तो आपल्याकडूनच, आरी काम. फ्रेंच लोक त्याला वेगळं नाव देतात पण आकडी तीच, चौकटीवर ताणलेलं कापड तसंच, फक्त आपला कारीगर वरून मणी दिसत असताना लावतो आणि ते उलट्या बाजूनं लावतात. आजही युरोपातल्या मोठमोठ्या फॅशन हाऊसचं मणीकाम मुंबईतल्या वर्कशॉपमध्ये होतं. मी पहिल्यांदा १९२५ चा ड्रेस उलटा करून मागचा दोरा बघितला तेव्हा मला एकदम आमच्या गल्लीच्या टोकाचं कारचोब, म्हणजे भरतकामाची ती लाकडी चौकट, आठवलं, बाकी सगळे "फ्रेंच फ्रेंच" करत होते आणि मी मनात म्हटलं बाबांनो हे मला लहानपणापासून माहितीये. तुम्हाला एक मण्यांचा ड्रेस हवाच असेल तर पूर्ण नका करू, गळ्याभोवती आणि छातीवर पट्टी करा. कॅमेरा बहुतेक वेळ कमरेच्या वरच असतो.

हे शेवटचं वाक्य अँथॉलॉजीवाल्यांनी नीट लक्षात घ्यावं असं आहे. जुन्या ब्रिटिश टीव्हीचा पडदा लहान, चौकोनी, शूटिंग बरंचसं स्टुडिओत, क्लोजअप आणि मिडशॉट. लांब मालिकेत एका पात्राचे पाच ड्रेस शिवले की ते दहा भाग पुरतात, अँथॉलॉजीत दर भागात सगळं परत शून्यापासून, त्यामुळे पैसा तिथे लावायचा जिथे कॅमेरा जातो, टोपी, कॉलर, कानातलं, हातमोजे. स्कर्ट दिसतो तो दारातून आत येताना आणि जिन्यावर. बाकी एकच ड्रेस तीन भागांत तीन बायकांना घाला, कॉलर बदला, पुढचं मागे करा, चहात बुडवून रंग मळकट करा. आम्ही सगळे हेच करतो, भाड्याच्या कपड्यांच्या एकेका ड्रेसनं माझ्यापेक्षा जास्त मालिका केल्यात. १९६८ ला बीबीसीनं "द जॅझ एज" नावाची अँथॉलॉजी केली होती, त्या लोकांचा मला हेवा वाटतो, कारण तेव्हा वीसचं दशक फक्त चाळीस वर्षं मागे होतं, कपडे लोकांच्या माळ्यावर होते. धोकाही तेवढाच म्हणा, प्रेक्षकांत ते कपडे स्वतः घातलेल्या बायका बसलेल्या, चूक झाली तर लगेच पकडणार. आपल्याला पकडणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून झालरी खपतात.

झालर तेव्हा नव्हतीच असं नाही हं. पॅरिसची फॅशन डिझायनर व्हिओने हिनं झालरीचे सुंदर ड्रेस केले होते, पण ती जड रेशमी झालर, एकेक पदर वेगळा लावलेला, भयंकर महाग. ती नाचताना पाण्यासारखी हलते. तुमची पॉलिस्टरची पावसाळ्यात कार धुवायच्या ब्रशसारखी उडते, आणि तो जो "फ्लॅपर लूक" आहे ना, पट्टी पीस झालर, तो नंतरच्या सिनेमांनी आणि फॅन्सी ड्रेसच्या दुकानांनी बनवलेला आहे. "सम लाइक इट हॉट" १९५९ चा, गोष्ट १९२९ ची, आणि मर्लिन मन्रोचे ड्रेस बघा, १९५० च्या दशकातला बांधा, घट्ट बसवलेला. सिनेमा झकास आहे, पण रेफरन्स म्हणून घेऊ नका. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियाची "मिस फिशर्स मर्डर मिस्टरीज" बघा, १९२८ चं मेलबर्न. तिथेही हिरॉइन श्रीमंत आहे, तेव्हा तिचे कपडे कॉपी करू नका, मागे उभ्या असलेल्या माणसांचे करा.

माइकचं विसरले. बाह्या नाहीत, कंबर नाही, ब्रा मऊ, मग रेडिओ माइकचा डबा कुठे लपवायचा हा प्रश्न सेटवर सकाळी सात वाजता येतो आणि सगळे कॉस्च्युमकडे बघतात. स्लिपला आतून मांडीशी खिसा शिवून ठेवा, आत्ताच. वायर बाजूच्या टिपेतून वर. आणि खोट्या मोत्यांची माळ माइकवर आपटते, डायलॉग असेल तेव्हा आतून दोन टाके घालून माळ ड्रेसला पक्की करा.

तर त्या चार काळ्या ड्रेसचं काय करायचं. परत करता येत असतील तर करा. नसतील तर झालर उसवा, कात्रीनं कापत बसू नका, एका टोकाचा दोरा सोडवून ओढलात की अख्खी पट्टी निघते. खाली जे राहील ते साधं सरळ काळं आवरण, दोन जॉर्जेटच्या ड्रेसखाली स्लिप म्हणून चालेल, बाकीचे दोन १९२८ च्या भागात वेट्रेसना द्या, वर पांढरा एप्रन आणि कफ. पिसं फेका. आणि निघालेली झालर नीट गुंडाळून आर्ट डिपार्टमेंटच्या पोराला द्या, १९२४ च्या दिवाणखान्यात त्याला रेशमी लॅम्पशेड लागणार आहे आणि त्या काळी तिला खालून अशीच लांब झालर असायची.